कामापुरती मराठी : परीक्षा नेमकी कशाची घ्यायची?

सीमेवरच्या माणसाची भाषेची परीक्षा रोजच होत असते. नेपानगरच्या बाजारात कोरकू बाई आपला माल घेऊन बसते आणि गिऱ्हाईक निमाडीत भाव विचारते. केळीचा बागायतदार मराठीत घड मोजतो आणि दिल्लीकडच्या ट्रकवाल्याला हिंदीत हिशेब समजावतो. रावेर-सावद्याहून आलेला व्यापारी मराठीत वायदा करतो आणि इथला दुकानदार तो हिंदीत लक्षात ठेवतो. या परीक्षेला प्रश्नपत्रिका नसते. निकाल मात्र जागच्या जागी लागतो, आणि तो रुपया-पैशांत लागतो.

गेल्या काही वर्षांत या रोजच्या परीक्षेला कागदाची परीक्षा येऊन जोडली गेली आहे. बँकेत नोकरी हवी, तर स्थानिक भाषा येते हे दाखवा. वाहनाचा परवाना हवा, तर 'कामापुरती' भाषा येते हे सिद्ध करा. परदेशी कामाला जायचे, तर अमुक पातळीचे प्रमाणपत्र आणा. हे योग्य की अयोग्य, यावर मोर्चे निघाले, न्यायालयात दावे झाले. आम्ही शिक्षक आणि मराठी भाषा समितीचे कार्यकर्ते म्हणून त्याआधीचा एक साधा प्रश्न विचारू इच्छितो. कामापुरती भाषा येते की नाही, हे तपासायचे कसे? पोटापाण्यासाठी भाषा वापरणाऱ्या प्रौढ माणसाची परीक्षा शाळेतल्या मुलाच्या परीक्षेसारखी घेऊन चालेल काय?

दोन राजभाषांच्या राज्यात जन्मलेले गाव

हा प्रश्न नेपानगरला जेवढा लागू पडतो तेवढा क्वचितच दुसऱ्या गावाला पडत असेल. देशातला वृत्तपत्री कागदाचा हा पहिला कारखाना. कंपनी १९४७ साली स्थापन झाली आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंतप्रधान पंडित नेहरूंच्या हस्ते कारखाना राष्ट्राला अर्पण झाला. त्या दिवशी आपल्या राज्याची राजधानी नागपूर होती आणि १९५० च्या कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही राज्याच्या राजभाषा होत्या. पुढे सहा महिन्यांत, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर, विदर्भ तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. गाव हलले नाही, शेजार हलला नाही. कचेरीतली भाषा तेवढी बदलली.

मिलच्या वसाहतीत सगळ्या मुलखांतून माणसे आली. एका पाळीत चार भाषा बोलणारे कामगार असत आणि यंत्र थांबवायचे की चालू ठेवायचे, हे सर्वांना कळावे लागे. तिथे कोणी कुणाला व्याकरण विचारले नाही. ऐकलेला शब्द बरोबर समजला आणि हात वेळेवर चालला, म्हणजे भाषा आली, असा तिथला निकष होता. हा निकष आमच्या बी.एड.च्या पुस्तकांतल्या पुष्कळ निकषांपेक्षा सरस आहे, असे आमचे मत आहे.

२०१६ साली मिलचे उत्पादन थांबले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ते नव्याने सुरू झाले. मधल्या काळात, आणि त्याआधीही, अनेक घरांतल्या मुलांनी भुसावळ, जळगाव, पुणे, मुंबईची गाडी धरली. ही मुले घरी मराठी बोलतात, शिकली मात्र हिंदीतून. सीमेपलीकडे मराठीच्या परीक्षेला त्यांनाच बसावे लागते.

मुंबईच्या रिक्षाचा धडा

महाराष्ट्रात या विषयाचा सर्वांत गाजलेला प्रसंग रिक्षा परवान्यांचा. सप्टेंबर २०१५ मध्ये तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी जाहीर केले की, रिक्षाचे नवे परवाने मराठी येणाऱ्यांनाच मिळतील. २०१६ च्या फेब्रुवारीत तसे परिपत्रक निघाले. परिवहन कार्यालयांत उमेदवारांना मराठी वाचता-बोलता येते का, हे तपासले जाऊ लागले. रिक्षा संघटना न्यायालयात गेल्या आणि मार्च २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. नियमांत रिक्षाचालकांना अशी अट लागू नसताना ती नुसत्या परिपत्रकाने लादता येणार नाही, असा निकालाचा आशय होता.

कायद्याची बाजू वकील सांगतील. आम्हाला यातला शिक्षणाचा धडा महत्त्वाचा वाटतो. रिक्षावाल्याला भाषा कशासाठी लागते? म्हातारी बाई गडबडीत पत्ता सांगते तो समजण्यासाठी. 'पुढच्या गल्लीतून आत, देवळाच्या अलीकडे' म्हटले की नेमके कुठे थांबायचे हे कळण्यासाठी. सुट्टे पैसे, मीटर, रात्रीचे दर समजावण्यासाठी. मग त्याची परीक्षा या गोष्टींची हवी. छापील उतारा धडाधड वाचून दाखवणारा माणूस 'अलीकडे' आणि 'पलीकडे' यात गोंधळेल. उतारा अडखळत वाचणारा दुसरा प्रवाशाला अचूक दाराशी उतरवील. दोघांतला पास कोण?

मूल्यमापनाच्या शास्त्रात याला सप्रमाणता म्हणतात. जे मोजायचे आहे तेच मोजले जाते की दुसरेच काही, एवढाच त्याचा अर्थ. तागडीने कापडाची लांबी मोजता येत नाही.

दुसरी उणीव त्याहून मोठी. परीक्षा आधी आली, शिकवणी मागे राहिली. वास्तविक मराठी शिकवण्याची साधने अगदीच नाहीत असे नाही. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने अमराठी प्रौढांसाठी 'मायमराठी' हा अभ्यासक्रम तयार केला. परकी भाषा शिकवण्याचा अनुभव असलेल्या मंडळींनी आपली भाषा परक्या नजरेने पाहिली आणि संभाषणापासून सुरुवात केली. अशी पुस्तके रिक्षातळावर, बाजार समितीत, कारखान्याच्या दारात पोहोचली पाहिजेत. शिकवल्यावाचून घेतलेली परीक्षा ही गाळणी होते, शिक्षण होत नाही.

आपल्याच मुलांची अडचण

आता घरची गोष्ट. स्टेट बँकेच्या कारकून भरतीत ज्या राज्यातल्या जागेसाठी अर्ज केला तिथली भाषा यावी लागते. दहावी किंवा बारावीला ती भाषा घेतल्याची गुणपत्रिका असेल, तर भाषेच्या चाचणीतून सूट मिळते. नसेल, तर चाचणी द्यावी लागते आणि तीत नापास झालेल्याची निवड होत नाही. नियम सरळ आहे आणि त्याविषयी आमची तक्रार नाही. खातेदाराशी त्याच्या भाषेत बोलता येणारा माणूस काउंटरवर असावा, हे आम्हालाही पटते.

पण नेपानगर, बऱ्हाणपूर, शहापूरकडच्या मुलाच्या गुणपत्रिकेवर हिंदी, इंग्रजी, संस्कृत असते. आजीशी, आईशी तो आयुष्यभर मराठीत बोलला, पण त्याचा पुरावा कुठल्याच कागदावर नाही. अशी मुले सल्ल्याला आमच्याकडे येतात. आम्ही समोर कोरा कागद ठेवतो आणि सांगतो, 'खाते बंद करण्यासाठी अर्ज लिही.' बोलताना कुठेही न अडणारा मुलगा लिहिताना अडतो. 'अर्ज' ऐवजी 'आवेदन' लिहितो, 'रक्कम' ऐवजी 'राशी' लिहितो, आणि खाली 'हस्ताक्षर' लिहून सही करतो. मराठीत हस्ताक्षर म्हणजे अक्षराचे वळण. सही ती स्वाक्षरी. सर्व शब्द देवनागरीत, सर्व ओळखीचे, आणि तरी कागद हिंदीच.

त्याच्या बोलण्याचीही एक गंमत आहे. आपल्याकडे खानदेशी, वऱ्हाडी, निमाडी यांचे पाणी एकमेकांत मिसळलेले. आपला मुलगा 'मी काम करून राहिलो' म्हणेल. पुण्याच्या परीक्षकाला ते खटकेल. पण काउंटरवरच्या कामात त्याने काय बिघडते? समोरच्याला अर्थ कळला, काम झाले. असल्या बोलीसाठी गुण कापणारी परीक्षा काम मोजत नसून घराणे मोजत असते. लिहिताना प्रमाण मराठी यावी, हा आग्रह रास्त आहे. ती शिकवून येते. बोली टाकून देणे ही मात्र पात्रतेची अट होऊ नये.

युरोपात कसे करतात?

युरोपातल्या देशांना हा प्रश्न आपल्याआधी पडला. एका देशाचा माणूस दुसऱ्या देशात कामाला जाणार, तर त्याला भाषा किती यावी? तिथल्या युरोप परिषदेने १९७५ साली इंग्रजीसाठी किमान कामचलाऊ भाषेचा आराखडा काढला आणि २००१ मध्ये सर्व भाषांना लागू पडतील अशा सहा पायऱ्या प्रसिद्ध केल्या. ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१ आणि सी-२. यातले वैशिष्ट्य असे की प्रत्येक पायरीवर 'या माणसाला अमुक करता येते' अशी वाक्ये आहेत. पहिल्या पायरीचा माणूस स्वतःची ओळख करून देऊ शकतो, संख्या, किंमत आणि वेळ यांचा व्यवहार करू शकतो, साधा फॉर्म भरू शकतो. समोरचा सावकाश बोलेल आणि मदतीला तयार असेल, हे त्या पायरीत गृहीतच धरलेले आहे. दुसऱ्या पायरीवर तो रोजच्या ठरावीक विषयांवर थोडक्यात देवाणघेवाण करू शकतो.

उदाहरणादाखल बल्गेरियन भाषा घेऊ. बल्गेरिया १ जानेवारी २००७ रोजी युरोपीय संघात गेला, त्यांची भाषा संघाची अधिकृत भाषा झाली, आणि रोमन व ग्रीक यांच्या जोडीला सिरिलिक ही तिसरी लिपी संघाच्या कागदांवर आली. सोफिया शहरात माल विकायला जाणाऱ्या परदेशी माणसाला आधी ही लिपी गिरवावी लागते, दुकानाची पाटी आणि पावती वाचावी लागते. त्याहून मजेची अडचण मानेची. बल्गेरियात परंपरेने 'होय' म्हणताना मान आडवी हलवतात आणि 'नाही' म्हणताना वरखाली. सौदा ठरला की मोडला, हे शब्दकोश पाठ केलेल्या माणसालाही उलटे समजू शकते. म्हणून व्यवहाराची परीक्षा समोरासमोर बसूनच घ्यावी लागते. शब्द किती पाठ आहेत, हे कागदावर कळेल. सौदा कळला की नाही, हे बोलल्यावरच कळेल.

आज आपल्या बाजूची मुलेही जर्मनीला जाण्यासाठी ए-१, ए-२ च्या परीक्षा देतात. त्यांना कोणी कविता म्हणायला लावत नाही. बस चुकली तर काय विचाराल, हे विचारतात.

जवळची भाषा जास्त फसवते

आपल्या सीमेवरची अडचण मात्र सोफियाच्या उलट आहे. तिथे लिपी परकी म्हणून माणूस सावध असतो. इथे हिंदी-मराठीची लिपी एक, निम्मे शब्द सारखे, म्हणून प्रत्येकाला वाटते की आपल्याला दुसरी भाषा येतेच. घात होतो तो या भरवशाने.

काही नमुने पाहा. हिंदीत 'कल' म्हणजे काल आणि उद्या दोन्ही. मराठीत 'काल' म्हणजे होऊन गेलेला दिवस. 'काल पैसे दिले' आणि 'कल पैसे दूँगा' यातला फरक ज्याला पैसे यायचे आहेत त्याला विचारा. मराठीतला 'परवा' दोन्ही दिशांना चालतो, म्हणून वायद्याच्या बोलण्यात तारीख म्हणून घ्यावी हेच शहाणपण. ट्रकजवळ उभा असलेला मराठी हमाल 'खाली' म्हणतो तेव्हा त्याला खालची बाजू म्हणायची असते. हिंदी चालक ते 'रिकामे' असे ऐकतो. हिंदीतली 'सूचना' म्हणजे माहिती, मराठीतली सूचना म्हणजे असे करा असे सांगणे. हिंदी अधिकारी 'मुझे आपत्ति है' म्हणाला तर त्याच्यावर संकट आलेले नसते, त्याची हरकत असते. 'यातायात' तिकडे वाहतूक, इकडे दगदग. 'शिक्षा' तिकडे विद्या, इकडे दंड. आम्हा शिक्षकांना हा शेवटचा शब्द दोन्ही अर्थांनी परिचयाचा आहे.

आकड्यांचे तर विचारूच नका. दीड, अडीच, पावणेदोनशे हे दोन्हीकडे जवळपास सारखे. पण एकोणऐंशी ऐकून हिंदी माणूस थबकतो आणि उन्यासी ऐकून मराठी माणूस. छब्बीस आणि सव्वीस, तिरानवे आणि त्र्याण्णव यांत घाईच्या वेळी चूक होते. फोनवर भाव ठरतो तेव्हा ही चूक क्विंटलच्या हिशेबात जाऊन बसते.

आमची सूचना : पाच कामांची चाचणी

म्हणून समितीपुढे आम्ही एक साधी योजना ठेवली आहे. प्रौढांसाठी कामापुरत्या मराठीचे वर्ग संध्याकाळी घ्यावेत आणि शेवटी अर्ध्या तासाची चाचणी घ्यावी. प्रश्न पाच, आणि प्रत्येक प्रश्न म्हणजे एक काम.

पहिले काम आकड्यांचे. परीक्षक नेहमीच्या वेगाने बोलेल, 'अडीच क्विंटल माल, भाव साडेअकराशे.' उमेदवाराने अंकात लिहून बेरीज-गुणाकार करून २,८७५ रुपये सांगावेत.

दुसरे काम तारखेचे. 'परवा येतो' असे कोणी म्हणाले, तर कोणता वार, हे उलट विचारून नक्की करून घ्यावे. इथे न विचारता गप्प बसणाऱ्यापेक्षा विचारणाऱ्याला गुण जास्त.

तिसरे काम वाचण्याचे. एसटीची पाटी, बाजार समितीची हातपावती, औषधाच्या दुकानातली सूचना. ज्यात 'ळ' आहे आणि फसवे शब्द आहेत असे खरे कागद आणावेत.

चौथे काम लिहिण्याचे. बँकेत पैसे भरण्याची स्लिप आणि चार ओळींचा अर्ज. ऱ्हस्व-दीर्घासाठी गुण कापू नयेत. 'रक्कम', 'स्वाक्षरी', 'अर्ज', 'कारण' या जागी योग्य शब्द आला की पुरे.

पाचवे काम बोलण्याचे. माल कमी भरला आहे. तक्रार करा, भांडण होऊ न देता तोडगा काढा. परीक्षकाने जरा चिडक्या गिऱ्हाइकाचे सोंग घ्यावे.

काम झाले तर दोन गुण, अडखळत झाले तर एक, झालेच नाही तर शून्य. एकाच्या मर्जीवर निकाल राहू नये म्हणून परीक्षक दोन असावेत, एक शिक्षक आणि एक बाजारातला जाणता माणूस. शास्त्रात याला विश्वसनीयता म्हणतात. गावच्या भाषेत दोन पंच म्हणतात.

आमच्या कागदाने कुठलीही बँक बांधली जाणार नाही, हे आम्ही उमेदवारांना पहिल्याच दिवशी सांगणार आहोत. पण खऱ्या चाचणीला जाण्यापूर्वी आपण कुठे अडतो हे ज्याला कळले, त्याची निम्मी तयारी झाली. शिवाय ज्याला नोकरी नको, फक्त रावेरच्या बाजारात नीट व्यवहार करायचा आहे, त्या हिंदी भाषक भावालाही या वर्गात जागा आहे. त्याने मराठी शिकली, तर मराठीचा एक बोलणारा वाढला.

परीक्षा चाबूक होऊ नये

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. भाषेची परीक्षा घेणाऱ्याच्या हातात सत्ता येते, आणि ती बहुधा दुबळ्यावर चालते. आपल्या बाजारात सर्वांत कठीण परीक्षा कोरकू माणूस देतो. त्याची भाषा हिंदी, मराठी, निमाडी यांपैकी कुणाच्याच कुळातली नाही. ती मुंडा कुळातली. तरीही तो दोन परक्या भाषांत आपला माल विकून संध्याकाळी घरी जातो. त्याचा हिशेब चुकला तर आपण त्याला अडाणी म्हणतो. आपल्यापैकी किती जणांना कोरकूत दहापर्यंत मोजता येते? त्याला फसवण्यासाठी जी भाषा वापरली जाते, ती मराठी असली तरी तिचा अभिमान कसा बाळगायचा?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला. आनंद झाला, आमच्या शाळांत पेढे वाटले. परंतु दोन हजार वर्षांचा वारसा सांगून सीमेवरच्या मुलाची स्लिप भरली जात नाही. राज्यघटनेच्या ३५० (क) कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्याविषयी सांगितले आहे. तो हक्क मागत राहावे लागेल, अर्ज-विनंत्या कराव्या लागतील. तोपर्यंत जी मुले त्या सोयीवाचून मोठी झाली, त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. त्यांना आज वीस-पंचवीसाव्या वर्षी लिहायला शिकवणे आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी कुठल्याही सरकारची परवानगी लागत नाही.

वाचकांना आमची विनंती एवढीच. आपल्या घरातल्या मुलाला किंवा सुनेला आज एक कागद द्या आणि मराठीत चार ओळींचा अर्ज लिहायला सांगा. चूक काढू नका, रागावू नका. कोणता शब्द अडला तो लिहून ठेवा. आपल्या दुकानात, मळ्यात, गाडीवर ज्या शब्दांनी घोटाळा होतो, तेही टिपून ठेवा. मास्तरांनी टेबलावर बसून काढलेल्या प्रश्नपत्रिकेपेक्षा ही यादी उपयोगाची ठरेल. वर्ग सुरू होईल तेव्हा आम्ही पहिला धडा याच शब्दांचा घेऊ.